‘माल ओ कर’ म्हणजे छातीत दुखणं नव्हे

फ्रेंचच्या गुणांवर कॅनडात आलेल्या आणि यायला निघालेल्या मराठी मंडळींना,

स. न. वि. वि.

नवरा म्हणाला, हे पत्र आरोग्यमंत्र्यांना लिही. पण मंत्र्यांना लिहिलेली पत्रं इथं ढिगानं आहेत, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या फ्रेंचमध्ये. मला जे सांगायचंय ते तुम्हाला सांगायचंय, म्हणून मराठीत लिहिते.

दर पंधरा दिवसांनी कुणाचा तरी फोन येतो. पुण्याहून, नाशिकहून, मध्यंतरी एकदा सोलापूरहून. चुलत्याच्या मित्राची मुलगी, मावसबहिणीच्या ऑफिसातला मुलगा. प्रश्न ठरलेले. फ्रेंचची टेफ परीक्षा द्यायची की टीसीएफ? कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवर, म्हणजे एनसीएलसीवर, सातपर्यंत पोचायला किती महिने? बोलण्याची परीक्षा अवघड की ऐकण्याची? मी जमेल तसं सांगते. पण स्थायिक होण्याच्या अर्जात हे एवढे गुण कॅनडा सरकार फ्रेंचला का देतं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. जणू क्लासवाल्यांच्या सोयीसाठीच सरकारनं ही योजना काढली आहे.

क्वेबेकच्या बाहेर, म्हणजे ओंटारियो, न्यू ब्रन्सविक, मॅनिटोबा वगैरे प्रांतांत फ्रेंच बोलणारे लोक कैक पिढ्यांपासून राहतात. १९७१ साली क्वेबेक सोडून उरलेल्या कॅनडात त्यांचं प्रमाण ६.१ टक्के होतं. २०२१ च्या जनगणनेत ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास उरलं. ही गळती थांबावी म्हणून क्वेबेकबाहेर स्थायिक होणाऱ्या नव्या लोकांत फ्रेंच बोलणाऱ्यांचा वाटा ठरवून दिलेला असतो. २०२४ साली तो ६ टक्के होता, आणि पुढच्या वर्षांसाठी आणखी वाढवला. म्हणून तर २०२४ च्या फेब्रुवारीत फ्रेंचवाल्यांच्या सोडतीत ३३६ गुणांवरही बोलावणं आलं, आणि पाचशेला टेकलेले इंग्रजीवाले हात चोळत बसले. तुम्हाला आत घेताना सरकारनं तुमच्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवली आहे. ती कुठं लिहून घेतलेली नाही, त्यामुळे नंतर कुणी विचारतही नाही.

मी स्वतः याच वाटेनं आले. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले ती हौसेनं, बी.कॉम. करता करता. २०१७ च्या जूनमध्ये फ्रेंचला जादा गुण सुरू झाले आणि ती हौस एकदम कामाला आली. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही ओटावाला उतरलो. हिशेबनिशीचं काम मिळेना, म्हणून वृद्धांची शुश्रूषा करण्याचा, इथं ज्याला पीएसडब्ल्यू म्हणतात तो अभ्यासक्रम केला आणि शहराच्या पूर्वेकडच्या एका वृद्धनिवासात लागले. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, कुशीवर वळवणं. आईला सहा महिने खरं काम सांगितलं नव्हतं. मग नर्सिंगची परीक्षा दिली, आता घरोघरी जाते. रॉकलंड, कॅसलमन, हॉक्सबरीकडच्या गावांत. हा सगळा पट्टा फ्रेंच. शेतं, चर्चचे चांदीसारखे चमकणारे पत्र्याचे मनोरे, आणि घराबाहेर ओंटारियोतल्या फ्रेंच लोकांचा हिरवा-पांढरा झेंडा.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. रात्रपाळी होती. छ्याऐंशी वर्षांच्या एक बाई, आपण त्यांना मादाम म्हणू, बिछान्यात उठून बसल्या होत्या. हात छातीच्या खाली, घाम सुटलेला. मला बघून म्हणाल्या, “जे माल ओ कर.” मला वाटलं, झालं. ‘माल’ म्हणजे दुखणं, ‘कर’ म्हणजे हृदय. इतकं तर पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच असतं. मी धावत जाऊन पाळीवरच्या नर्सला इंग्रजीत सांगितलं, छातीत दुखतंय म्हणून. तिला फ्रेंच येत नव्हतं, माझं येत होतं, म्हणून तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. दहा मिनिटांत रुग्णवाहिका दारात. उणे वीसच्या थंडीत मादामना पट्टे बांधून नेलं. रात्रभर आणीबाणी विभागाच्या बोळात, ईसीजी, रक्त तपासायला तीनदा सुया, सगळी विचारपूस इंग्रजीत. सकाळी परत आणलं. कागदावर लिहिलेलं, हृदयाचं काही नाही.

दुपारी त्यांची लेक आली. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग हसायची थांबली. ‘माल ओ कर’ म्हणजे मळमळणं. उलटीची भावना. बाईंना एक भांडं हवं होतं.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मादामनी मला काही सांगितलंच नाही. “कॉमां सा वा?” विचारलं की “सा वा, सा वा.” बरं आहे, बरं आहे. दुखणं बोलून दाखवलं की बांधून नेतात, एवढा धडा त्यांनी घेतला होता. पुढे त्यांना लघवीचा संसर्ग झाला तो ताप चढेपर्यंत आम्हाला कळला नाही.

परीक्षेत माझे ऐकण्याचे गुण चांगले होते हो. पण परीक्षेत विमानतळावरची घोषणा ऐकवतात, पर्यावरणावरची मुलाखत ऐकवतात. खाटेवरचं माणूस तसं बोलत नाही. मला रानड्यात शिकवलेलं की ‘एतूर्दी’ म्हणजे वेंधळा, धांदरट. इथली म्हातारी “ज स्वी एतूर्दी” म्हणते तेव्हा तिला चक्कर येत असते, आणि तुम्ही हसून “नाही हो, तुम्ही कुठं वेंधळ्या” म्हणालात तर ती पुढच्या पावलाला पडते. “ज फील पा” म्हणजे बरं वाटत नाहीये. हा ‘फील’ इंग्रजीतून उसना घेतलेला, तुमच्या शब्दकोशात सापडायचा नाही. “जे द ला मिझेर आ रेस्पिरे” यातला ‘मिझेर’ ऐकून दारिद्र्य आठवतं, पण सांगायचं असतं की श्वास घ्यायला त्रास होतोय. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे ‘दीने’. आपण फ्रान्सचं फ्रेंच शिकतो, त्यात दीने म्हणजे रात्रीचं जेवण. इथं दीने दुपारचं. रात्रीचं ते सुपे. आता डॉक्टरनं सांगितलं असेल की गोळी दीनेबरोबर, तर ती तुम्ही किती वाजता द्याल?

मी मूळची बेळगावची. आमच्याकडे डॉक्टर कानडी, मराठी, कोंकणी, इंग्रजी एकाच वाक्यात कालवून बोलायचे. समोरचा रोगी तोंड उघडेपर्यंत त्यांची भाषा ठरलेली नसायची. बाहेर रस्त्यावर पाट्यांवरून डोकी फुटत असत, पण दवाखान्यात “काय होतंय?” आणि “एनागतद?” दोन्ही चालायचं. त्यामुळे आजारपणात भाषेची अडचण होऊ शकते, हे मला तिशीपर्यंत ठाऊकच नव्हतं. कॅनडा तर दोन राजभाषांचा देश, नोटेपासून कॉर्नफ्लेक्सच्या डब्यापर्यंत सगळं दोन भाषांत. मग दवाखान्यात दोन भाषा असणारच, असं कुणालाही वाटेल.

तिथंच फसायला होतं. राजभाषांचा कायदा आहे तो १९६९ चा, पण तो केंद्राचा. पोस्ट, विमानतळ, कर, पासपोर्ट. रुग्णालयं प्रांतांची. केंद्र त्यांना पैसे देतं ते १९८४ च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टखाली, आणि त्यात पाच अटी आहेत: कारभार सार्वजनिक हवा, सगळे आवश्यक उपचार हवेत, सगळ्यांना हवेत, प्रांत बदलला तरी चालू राहायला हवेत, आणि वाटेत अडथळा नको. भाषेचा त्यात शब्द नाही. डॉक्टरचं बोलणं न कळणं हा अडथळा धरायचा की नाही, हा प्रश्न तसाच लोंबकळत आहे. ओंटारियोनं १९८६ साली फ्रेंच सेवांचा कायदा केला. ठरावीक भागांत सरकारी कचेरीत तुम्हाला फ्रेंचमध्ये सेवा मागता येते. पण रुग्णालय ही कचेरी नव्हे. ते आपणहून पुढे आलं आणि सरकारनं त्याला रीतसर नेमलं तरच त्याला हा कायदा लागतो. कायद्यानं पूर्णपणे द्विभाषिक असा प्रांत एकच, न्यू ब्रन्सविक. तिथंसुद्धा रुग्णवाहिकेतल्या माणसाला दोन्ही भाषा यायलाच हव्यात का, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत.

तुमच्यातले जे ओटावात राहतात ते कधी ना कधी मॉन्फोर रुग्णालयात गेले असतील. तिथं बाळंतपणं झालेली मराठी कुटुंबं मला माहीत आहेत. तिथं दारातच “बॉंजूर, हॅलो” ऐकू येतं आणि आपल्याला ते स्वाभाविक वाटतं. ते रुग्णालय १९५३ साली सुरू झालं आणि १९९७ साली बंद होणार होतं. ओंटारियोचे तेव्हाचे मुख्यमंत्री माइक हॅरिस यांच्या सरकारनं रुग्णालयांची फेररचना करायला आयोग नेमला होता; त्यानं त्या वर्षीच्या फेब्रुवारीत शिफारस केली की मॉन्फोर बंद करा, काम दुसऱ्या रुग्णालयांत वाटून द्या. जिझेल लालोंद नावाच्या बाई पुढे आल्या. त्या व्हानिए या फ्रेंच वस्तीच्या माजी महापौर. २२ मार्चला ओटावाच्या सिव्हिक सेंटरमध्ये सुमारे दहा हजार लोक जमले. मग कोर्ट. ७ डिसेंबर २००१ रोजी ओंटारियोच्या अपील न्यायालयानं मॉन्फोर वाचवणारा निकाल दिला, त्याला दोन आधार होते: १९८६ चा कायदा, आणि राज्यघटनेत शब्दांत न लिहिलेलं पण तिच्या पायाशी असलेलं अल्पसंख्याकांच्या रक्षणाचं तत्त्व. मॉन्फोर म्हणजे केवळ खाटांची संख्या नव्हे, फ्रेंचमध्ये डॉक्टर आणि नर्स घडवणारी ती संस्था आहे, आणि ती मोडली तर समाज मोडेल, असा एकंदर आशय. आज मॉन्फोर हे या प्रांतातलं फ्रेंच भाषेतून चालणारं एकमेव विद्यापीठीय रुग्णालय आहे. लालोंदबाई २०२२ साली गेल्या. तुमच्या बाळाच्या जन्मदाखल्यामागे ही एवढी भानगड आहे, हे सांगितलेलं बरं.

तरी सगळं टिकलं असं नाही. सडबरीच्या लॉरेन्शियन विद्यापीठाचं २०२१ साली दिवाळं वाजलं आणि एप्रिलच्या एका दिवसात कित्येक अभ्यासक्रम बंद झाले. त्यात सुइणींचा फ्रेंच-इंग्रजी अभ्यासक्रमही गेला. उत्तरेकडच्या गावांत बाळंतीण फ्रेंच, आणि तिच्याशी फ्रेंच बोलू शकणारी सुईण घडवायची जागाच गेली.

आता तुम्ही म्हणाल, या लोकांना इंग्रजी येतं की. येतं. माझ्या बहुतेक पेशंटना माझ्यापेक्षा चांगलं येतं. आणि अडचण नेमकी त्यातच आहे. आपण पुण्यात रिक्षावाल्याशी हिंदीत सुरुवात करतो, मग कळतं की तो बारामतीचा; तसे हे लोक दवाखान्याच्या खिडकीशी पोचले की आपोआप इंग्रजीत शिरतात. कुणी विचारलं, फ्रेंच हवं का, तर म्हणतात, नको नको, चालेल, तुम्हाला कशाला त्रास. यामागे इतिहास आहे. १९१२ साली ओंटारियोनं शाळांसाठी नियम १७ काढला आणि पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंचमधून शिकवायला बंदी केली. १९१६ च्या जानेवारीत ओटावाच्या गीग शाळेत आया टोप्यांच्या लांब सुया घेऊन दारात उभ्या राहिल्या, पोलिसांना आत येऊ देईनात. नियम १९२७ पर्यंत चालला. मादामची आई त्या काळात शाळेत होती. फ्रेंच घरात बोलायचं, बाहेर मागायचं नाही, हे त्यांना दुधाबरोबर मिळालेलं आहे. म्हणून इथली फ्रेंच मंडळी ‘ऑफ्र आक्तिव’ म्हणतात: मागायची वाट बघू नका, आपणहून पुढे करा. जेवायला आलेल्या पाहुण्याला “वाढू का?” विचारलं तर तो नाहीच म्हणणार. वाढायचंच असतं.

आणि स्मृतिभ्रंशाच्या वाटेवर निघालेल्या माणसाचं इंग्रजी आधी जातं. नंतर शिकलेलं आधी गळतं, आईच्या मांडीवर शिकलेलं शेवटपर्यंत राहतं. एका गृहस्थांनी आयुष्यभर रेल्वेत इंग्रजीत नोकरी केली. शेवटच्या दोन वर्षांत एक इंग्रजी शब्द उरला नाही. एक वृद्धनिवास, नाव घेत नाही, तिथं त्यांच्या कागदांवर ‘आक्रमक’ असा शेरा होता. का, तर अंघोळीच्या वेळी हात झटकायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते सारखं “से फ्रेत, से फ्रेत” म्हणत होते. पाणी गार होतं, एवढंच. नळ थोडा फिरवला आणि आक्रमण थांबलं.

हे माझं एकटीचं सांगणं नाही. २०२२ साली कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये ओंटारियोतला एक अभ्यास छापून आला. घरी शुश्रूषा घेणारे आणि मग रुग्णालयात भरती झालेले १,८९,६९० लोक, २०१० ते २०१८ या काळातले. फ्रेंच रुग्णाला फ्रेंच बोलणारा डॉक्टर मिळाला तर रुग्णालयात मृत्यू येण्याची शक्यता २४ टक्क्यांनी कमी. पडणं, संसर्ग होणं असल्या गोष्टी ३६ टक्क्यांनी कमी. आणि ज्यांची भाषा इंग्रजीही नाही नि फ्रेंचही नाही, म्हणजे तुमच्या-माझ्या आईवडिलांसारखे, त्यांना स्वतःच्या भाषेचा डॉक्टर मिळाला तर मृत्यूची शक्यता ५४ टक्क्यांनी कमी. मिळतो किती जणांना? फ्रेंच लोकांत शंभरातल्या चव्वेचाळिसांना. आपल्यासारख्यांत १.६ टक्क्यांना. मी हा आकडा दोनदा वाचला.

कारण माझी आई तेव्हा इथंच होती, आईवडिलांना लांब मुदतीसाठी मिळतो त्या सुपर व्हिसावर. एका संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. मी ड्यूटीवर, नवरा गावाबाहेर. शेजारणीनं तिला नेलं. रुग्णालयात मराठी दुभाषी नव्हता, फोनवर हिंदीचा दिला. आईचं हिंदी बेळगावी. तिनं सांगितलं, “बीच बीच में कळ आती है.” पलीकडच्या बिचाऱ्या माणसानं ऐकलं ‘कल’. त्यानं इंग्रजीत सांगितलं, काल येत होतं. डॉक्टर म्हणाले, म्हणजे आज नाही? आई म्हणाली, आहे की, अत्ता पण कळ आली. दुभाषी म्हणाला, आता उद्याचं काहीतरी म्हणताहेत. मी पोचले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ती वाचली. पण तिनं त्यानंतर इथं राहायचं नाव काढलं नाही.

कळ, ठणका, चमक, उसण, मुरडा, ठुसठुस, जळजळ, कालवाकालव. ही आपली दुखण्याची वर्णमाला बघा. डॉक्टर यावरूनच अर्धं निदान करतो. मादामकडेही अशीच वर्णमाला होती आणि मी तिच्यातल्या दुसऱ्याच अक्षरावर बोट ठेवलं.

बेळगावच्या लोकांकडून कुणी असं ऐकायला तयार नसतं, पण मला फ्रेंच मंडळींचा हेवा वाटत नाही. त्यांच्याजवळ कायदा आहे, कोर्टाचा निकाल आहे, २००२ पासून फ्रेंचमधून आरोग्यसेवेसाठी झटणारी देशभरची संस्था आहे, आणि तरी शंभरात छप्पन जणांना आपल्या भाषेचा डॉक्टर मिळत नाही. उद्या मराठी म्हाताऱ्यांसाठी काही व्हायचं असेल तर ते त्यांनी पाडलेल्या वाटेनंच होईल. त्यांची वाट बुजली तर आपल्याला कोण रस्ता देणार आहे?

शिवाय फ्रेंच बोलणारे म्हणजे फक्त हे गोरे म्हातारे नव्हेत. माझ्या पहिल्या नोकरीत रात्रपाळीला आम्ही सहा जणी होतो: दोघी कांगोच्या, एक कॅमेरूनची, एक बुरुंडीची, एक हैतीची आणि मी. कांगोतली एक तिकडं पंधरा वर्षं प्रसूतितज्ज्ञ नर्स होती. तिला इकडं येताना सांगितलं होतं, कॅनडात फ्रेंच चालतं. इथं येऊन ती लंगोट बदलत होती, कारण परवाना फ्रेंचमधून मिळाला तरी मुलाखती इंग्रजीत होतात. तिच्या मुलाला दमा. फ्रेंच बोलणारा फॅमिली डॉक्टर सोडाच, कुठलाच मिळेना. २०२२ च्या एका पाहणीनुसार या देशात ६५ लाखांच्या आसपास प्रौढांना फॅमिली डॉक्टर नव्हता, त्यात ही नवी. मुलगा अकरा वर्षांचा असताना स्वतःच्या आजाराचा दुभाषी झाला. आईला “कॉर्टिझोन” समजावत होता. पोरांना हे ओझं देऊ नये.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही बहुतेक जण टोरोंटोजवळ ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागात उतरता. तिथं आपली माणसं आहेत, खोली मिळते, चितळ्यांची बाकरवडी मिळते. नोकरी इंग्रजीत लागते. सहा महिन्यांत फ्रेंच गंजतं, वर्षभरात “बॉंजूर” एवढंच उरतं. मी दोष देत नाही. घरभाडं कुणालाही भाषा विसरायला लावेल. माझ्या नवऱ्याचं तेच झालं, आणि तोसुद्धा याच गुणांवर आला होता! पण सरकारच्या वहीत तुम्ही फ्रेंच माणूस म्हणून मांडलेले आहात. कागदावर समाज वाढला, आणि हॉक्सबरीच्या म्हातारीच्या खाटेशी कुणी पोचलं नाही, असा हा हिशेब आहे. मी बी.कॉम. आहे, मला हा प्रकार ओळखता येतो. पुस्तकी नफा म्हणतात याला.

सगळ्यांनी नर्स व्हा असं मी म्हणत नाही. पण नर्सिंग, फार्मसी, फिजिओ, लॅब, रिसेप्शन, रुग्णवाहिका, यातलं काहीही करणार असाल तर नोकरीच्या अर्जात फ्रेंच ठळक लिहा. पूर्वेकडं या, नाहीतर उत्तरेला सडबरी, टिमिन्स, हर्स्टकडं जा. थंडी भयंकर आहे, खोटं सांगत नाही. घरं स्वस्त आहेत, आणि “बॉंजूर” म्हटल्यावर दार उघडतं ते वेगळंच उघडतं. पहिले सहा महिने फक्त ऐका. स्थानिक रेडिओ लावा, चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीला जा, म्हातारीला विचारा की तुमच्याकडं याला काय म्हणतात. शब्द कळला नाही तर कबूल करा. मी त्या रात्री फक्त “भांडं हवंय का?” एवढं विचारलं असतं तर!

एक सावधगिरीचाही शब्द. तुम्हाला फ्रेंच येतं हे कळलं की तुम्ही फुकटचे दुभाषी होता. “ती फ्रेंचवाली कुठंय, बोलवा तिला.” स्वतःचे आठ पेशंट सोडून नवव्याच्या ऑपरेशनचं संमतिपत्र समजावायला जावं लागतं. पगार तोच, कामाच्या तासात नोंद नाही, चुकलात तर जबाबदारी मात्र तुमची. मी दोन वर्षं गप्प केलं. मग वहीत टिपून ठेवायला लागले: तारीख, वेळ, किती मिनिटं, कशासाठी. तीन महिन्यांची वही वरिष्ठांच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्या मजल्यावर फ्रेंच येणारी आणखी एक नर्स आली. तुम्हीही टिपून ठेवा. संमतिपत्रासारख्या गोष्टीला प्रशिक्षित दुभाषी मागा, तुमच्या फ्रेंचचा अभिमान बाजूला ठेवून.

आणि आरोग्याच्या क्षेत्रात नसाल तरी तुम्ही पेशंट तर आहातच. हेल्थ कार्डाचा अर्ज भरताना, रुग्णालयात नाव नोंदवताना भाषेचा रकाना येतो. तिथं सवयीनं इंग्रजीवर खूण करू नका. डॉक्टर शोधताना ओंटारियोच्या डॉक्टरांच्या यादीत कोण कोणती भाषा बोलतं ते दिसतं. फ्रेंचवाला मिळाला तर घ्या. मागणारे किती, हे मोजूनच पुढच्या वर्षी माणसं नेमतात. तुमची एक खूण पलीकडच्या मादामच्या उपयोगाची आहे, आणि ती करायला एनसीएलसी सात लागत नाही. आईवडिलांना रुग्णालयात न्यावं लागलं तर त्यांच्या कागदांवर ‘मराठी’ असं स्पष्ट लिहा, ‘हिंदी चालेल’ असं परस्पर लिहू नका. माझ्या आईच्या कागदावर ते मीच लिहिलं होतं.

मादाम दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या महिन्यांत माझी त्यांच्याकडं फेरी नव्हती, पण लेक बोलवायची. मी गेले की त्या मला लांबूनच ओळखायच्या आणि मोठ्यांदा म्हणायच्या, “अँब्युलांस आली!”

कळावे, लोभ असावा.

आपली,
पूर्व ओंटारियोत घरोघरी फिरणारी एक बेळगावकर नर्स

ता. क. पेशंटनं ‘झाकेत’ मागितलं तर कपाटातून कोट काढून देऊ नका. त्यांना रुग्णालयाचा गाऊन हवा असतो. मी लोकरीचा कोट नेला होता, टोपीसकट.